ध्रुवावरचा पावसाळा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. "उन्हाळ्यात गरम होतं, हिवाळ्यात गार होतं, त्यात शिकण्यासारखं काय आहे?" असं कुणी म्हणालं की माझं डोकं तडकतं. अहो, ध्रुवावर जमिनीपासून नव्वद किलोमीटर उंच गेलात तर सगळं उलटं आहे. तिथं भर उन्हाळ्यात, सूर्य मावळत नसताना, कडाक्याची थंडी असते. हे मी पुढं नांदेडच्या कॉलेजात पोरापोरींना वर्षानुवर्षं शिकवलं. पण शिकले कशी, ते मात्र वर्गात कधी सांगितलं नाही.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवर 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' रंगवून झालं होतं, तरी खालची जुनी अक्षरं दिसायचीच. रोज कुठलं ना कुठलं ऑफिस उघडायचं, हार-तुरे, भाषणं. आणि पाऊस? पावसाचा पत्ता नाही. मागचं वर्ष कोरडं गेलं होतं आणि हेही त्याच वाटेनं निघालं होतं. डाळीच्या मिलचा भुसा आणि रस्त्याची धूळ, एवढंच काय ते वरून पडायचं.

आमचं गाव शिरूर अनंतपाळकडचं. वडील, म्हणजे आमचे दादा, माझ्या लहानपणीच लातुरात आले आणि एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागले. लागले म्हणजे काय, टेम्परवारी. दर जूनमध्ये विभागप्रमुख सरांनी मान हलवली की दादांचं वर्ष निघायचं. आई मी दहावीत असताना गेली. घरात आम्ही दोघंच. दादा भिंगं पुसायचे, तारा गुंडाळून ठेवायचे, आणि मी त्याच प्रयोगशाळेत आधी बी.एस्सी., मग छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला जाऊन एम.एस्सी. केलं आणि परत येऊन त्याच सरांच्या हाताखाली एम.फिल.ला बसले. वस्तीतल्या विहारात बायकांनी माझा सत्कार केला होता. एम.फिल. झालं की प्राध्यापकाच्या नोकरीचा रस्ता मोकळा. आणि यंदा दादांना कायम करून घेतो, असंही सरांनी तोंड भरून सांगितलं होतं. म्हणजे बघा, आमच्या घराच्या दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात.

विषय सरांनीच दिला होता. उल्का पडतात ना, तुटता तारा म्हणतो आपण, त्या वरच्या वरच जळतात आणि त्यांच्यातला धातू सुट्या अणूंच्या रूपानं तिथंच राहतो. लोखंड, सोडियम. मिठात असतं तेच सोडियम. त्याचा एक झिरझिरीत थर साऱ्या पृथ्वीवर पसरलेला आहे. सूर्य मावळून जमिनीवर अंधार झाला तरी इतक्या उंचावर ऊन असतं, त्या उन्हात हा थर अगदी पुसट पिवळा उजळतो. डोळ्याला नाही दिसत, यंत्राला दिसतो. उत्तर ध्रुवाकडच्या एका ठाण्यावर परदेशी लोकांनी तो वर्षानुवर्षं, संधिप्रकाशात आणि खास यंत्रानं भर दिवसाही, मोजला होता आणि महिनावार आकडे छापले होते. ते आकडे घ्यायचे, आणि ऋतूप्रमाणे थर कसा भरतो, कसा रोडावतो ते मांडायचं, एवढं माझं काम.

ऋतूंचा तक्ता सरांनी स्वतः करून दिला. फेब्रुवारी ते मे उन्हाळा, जून ते सप्टेंबर पावसाळा, ऑक्टोबर ते जानेवारी हिवाळा. चार-चार महिन्यांचे तीन ऋतू. आपण पहिलीपासून हेच पाठ केलेलं, कुणाला काय खटकणार? प्रत्येक ऋतूची सरासरी काढली. हिवाळ्यात धातू भरपूर, उन्हाळ्यात मध्यम, पावसाळ्यात सगळ्यात कमी. सर खूश झाले. त्यांनी त्यावरून सिद्धान्तच काढला, की पावसाळ्याची ओल वरपर्यंत पोचते आणि धातू धुऊन नेते. मी म्हटलं, "सर, ढग तर खालीच असतात, हा थर किती उंच!" तर म्हणाले, "वातावरण सगळं एकच असतं गं. तू आलेख काढ."

काढला. ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईनं, श्वास रोखून. मेमध्ये प्रबंध टाइप होऊन, बांधून, विद्यापीठात गेलासुद्धा. इकडे सरांनी नव्या जिल्ह्याच्या एका समारंभात 'आकाशातला धातू आणि आपला पाऊस' असं भाषण ठोकलं. दुष्काळात माणूस पावसाचं नाव घेणाऱ्या कुणाचंही ऐकतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अधिकारी येऊन हात मिळवून गेले. नव्या जिल्ह्यात नव्या खुर्च्या तयार होत होत्या आणि सरांना त्यातली एक दिसायला लागली होती.

जुलै उजाडला. वस्तीत टँकर यायचा, त्याच्या रांगेत मी घागर घेऊन उभी होते. माझ्या पुढं शेजारच्या बांगडीवाल्या चाची. ऊन असं, की चप्पल नसलेल्या पोरी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होत्या. मी उगाच बोलायचं म्हणून म्हटलं, "चाची, पावसाळा लागून महिना झाला की."

चाची माझ्याकडं वळल्या. "कायका पावसाळा, बेटी? जून गया, जुलै आया, अब तलक गर्मीच चालू है ना!"

झालं. मी तिथंच थिजले. जून-जुलैमध्ये गर्मीच चालू आहे. इथं दुष्काळ म्हणून. आणि तिथं? ध्रुवाकडं? तिथं तर जून-जुलै हाच उन्हाळा! सूर्य मावळायचं नाव घेत नाही तो काळ. पावसाळा हा ऋतू आपला, मराठवाड्याचा. बर्फाच्या मुलखात आमच्या सरांनी तो नेऊन ठेवला होता, आणि मी त्याला काळ्या शाईनं चौकट काढून दिली होती.

घागर रांगेत तशीच टाकून मी घरी पळाले. मागून बायका ओरडत होत्या, "अगं नंबर जाईल!" जाऊ दे म्हटलं. महिनावार आकडे काढले आणि साध्या चौकटीच्या कागदावर एकेक महिना मांडत गेले. जानेवारीत उंच, मग उतार, जून-जुलैत खोल खड्डा, ऑगस्टमध्ये पुन्हा चढ, सप्टेंबरात बराच वर. तो खड्डा चार महिन्यांच्या सरासरीत बुजला होता. खरी गोष्ट कागदावर स्वच्छ दिसत होती, की लांब अंधाराच्या हिवाळ्यात धातूचा थर भरतो आणि उन्हाळ्यात रोडावतो. पाऊस-बिऊस काही नाही. आज आम्हाला कारणंही माहीत आहेत. वर उन्हाळ्यातच इतकी थंडी पडते की बर्फाचे बारीक कण तयार होतात, धातूचे अणू त्यांना चिकटून बसतात. शिवाय त्या थंडीत अणू सुटे राहण्याऐवजी दुसऱ्या पदार्थांत अडकतात. तेव्हा मला एवढं माहीत नव्हतं. पण चूक कळायला तेवढं लागतही नव्हतं.

आणि तोंडी परीक्षा दोनच दिवसांवर आलेली. नांदेडहून येणारे परीक्षक म्हणजे विषयातले जाणकार. त्यांनी एकच प्रश्न विचारायचा, ध्रुवावर पावसाळा कधी लागतो हो बाई? की माझी सगळी मेहनत मातीत.

दादा दुपारी जेवायला आले. मी म्हटलं, "दादा, प्रबंधात चूक सापडली."

"कुनाची?"

"सरांची."

दादांनी भाकरीचा घास तसाच ताटात ठेवला. "मंग ती सापडली न्हाई आसं समज."

"अहो, असं कसं समजू? परीक्षकाला दिसणारच आहे ती!"

"दिसू दे. त्येला दिसली तर त्येनं सांगावं. तू न्हाई सांगायची." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "माय, यंदा कायम करनार हायेत मला. लई वर्सं झाली गं."

राग तर असा आला होता की भांडी आपटावीशी वाटत होती, आणि राग कुणाचा हेही कळत नव्हतं. पण गप्प बसून तरी कुठं सुटका होती? शेवटी मी दादांना इतकंच पटवलं की सरांना आधी एकांतात सांगते, म्हणजे परीक्षेत तेच सांभाळून घेतील. चूक दुरुस्त करणं त्यांच्याही फायद्याचंच होतं. मला खरोखर असं वाटत होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो. दादा फाटकाबाहेर उभे राहिले. इतक्या वर्षांत ते फाटकाच्या आत कधी गेले नव्हते. का, ते मला विचारू नका, तुम्हाला माहीत आहे. सर व्हरांड्यातच खुर्ची टाकून बसले होते. मी कागद पुढं केला आणि सांगितलं. आधी ते हसले. मग कागद जवळ घेतला, चष्मा वर केला, आणि बोटानं एकेक ठिपका तपासत गेले. त्यांना कळलं होतं. हुशार माणूस होता हो, कळणार नाही असं कसं होईल?

"हे आणखी कुणाला दाखवलंस?"

"नाही सर. मला वाटलं, परीक्षेत आपण होऊनच सांगावं. दुरुस्तीचं एक पान जोडता येईल."

"आपण होऊन?" त्यांचा आवाज चढला. "गावभर भाषण देऊन झालंय माझं! मोठमोठ्या लोकांपुढं! आणि तू उठून सांगणार की विभागप्रमुखाला ऋतू कळत नाहीत? गप्प बसायचं. अक्षर काढायचं नाही. मी बघतो काय ते." मग फाटकाकडं नजर टाकून म्हणाले, "बापाचा तरी विचार कर."

व्हरांडा ते फाटक, अंतर ते किती! घरी येताना दादा पुढं चालत होते, मी मागं. 'मी बघतो' म्हणालेत ना, मी मनाला सांगत राहिले, बघतील, काहीतरी करतील.

परीक्षेच्या दिवशी नांदेडचे परीक्षक एस.टी.नं आले, धुळीनं पांढरे झालेले. सडसडीत, कमी बोलणारे गृहस्थ. विभागाच्या खोलीत लांब टेबल, टेबलापलीकडं ते आणि सर, अलीकडं मी, मागं फळा. दादा खाकी कपड्यांत दाराशी. त्यांनी पाण्याचे ग्लास आणून ठेवले आणि तिथंच उभे राहिले, काही लागलं सवरलं तर म्हणून.

सुरुवात बरी झाली. उल्का कशा जळतात, संधिप्रकाशात यंत्र कसं लावतात, मी धडाधडा सांगत गेले. मग त्यांनी ते पान उघडलं. मला लांबूनही कळलं, तेच पान. ते बघत राहिले. पेन्सिलीनं त्या मधल्या चौकटीवर हळूच टकटक केलं.

"हा पावसाळा कुठला?"

मी सरांकडं पाहिलं. 'मी बघतो' म्हणाले होते.

सरांनी खुर्ची थोडी मागं सरकवली आणि शांतपणे म्हणाले, "हो, ती मोठीच चूक आहे. माझ्याही नंतरच लक्षात आली. तक्ता तिनंच केला. मी विश्वासानं सही केली, तेवढा माझा दोष. काय आहे, या मुलांची पार्श्वभूमी बघता..." आणि पुढचं हातानंच सांगितलं.

माझ्या कानात नुसता आवाज घुमायला लागला. अंगाचा तिळपापड होतो म्हणतात ना, तो मला त्या दिवशी कळला. सगळं खापर माझ्या डोक्यावर, आणि वर पार्श्वभूमी! जिभेवर आलं होतं सगळं, अगदी जिभेच्या टोकावर. पण समोर दाराशी दादा दिसत होते. यंदा कायम करणार आहेत मला. मी ओठ घट्ट मिटले. इतके की दात टोचले.

"बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?" परीक्षक म्हणाले.

मी मान खाली घातली.

"तक्ता तुम्ही केला?"

मी मान वर केली नाही. त्यांनी पेन्सिल ठेवली, पेन उचललं आणि समोरचा निकालाचा कागद ओढला. संपलं, मला वाटलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं, त्याचाही राग आला.

"सायेब."

आधी मला कळलंच नाही कोण बोललं. त्या खोलीत दादांचा आवाज मी 'हाव सर' आणि 'आनतो सर' याखेरीज कधी ऐकलाच नव्हता. ते दारातून दोन पावलं आत आले होते. हात जोडलेले.

"सायेब, ही माझी पोरगी हाय. तक्ता-बिक्ता मला काय समजत न्हाई, कुनी केला त्ये बी ठाव न्हाई. पर परवा दिशी ही सरांच्या घरी गेल्ती. चूक हाय म्हनून हिनं सोता सांगितलं. सरांनी गप बस म्हनलं. म्या फाटकापशी हुबा व्हतो. म्या आयकलंय."

सर ताडकन उठले. "तू बाहेर हो आधी! कुणाला काय बोलतोस, कळतंय का?"

"कळतंय सर," दादा म्हणाले, पण हलले नाहीत.

परीक्षकांनी सरांना हातानं बसा म्हटलं. ते दादांकडं बघत होते. मग माझ्याकडं वळले. "चूक तुम्हाला माहीत होती?"

"हो."

"मग दुरुस्त करून दाखवा."

मी फळ्याशी गेले. आकडे पाठ होते, दोन दिवस दुसरं काही डोक्यात नव्हतंच. बारा महिने मांडले, एकेक ठिपका दिला, ठिपके जोडले. तो खड्डा फळ्यावर उतरला तेव्हा खडू मोडला इतका मी दाबला होता. "इथं उन्हाळा आहे," मी म्हटलं, आणि आवाज जरा मोठाच निघाला, "तिथला उन्हाळा. पावसाचा काही संबंध नाही. आणि इथल्या पावसाशीही नाही." शेवटचं वाक्य परीक्षेसाठी नव्हतं, ते भाषणासाठी होतं. परीक्षक पहिल्यांदा जरासे हसले. दुरुस्तीचं पान जोडण्याच्या अटीवर त्यांनी मला पास केलं.

सर त्यांना सोडायला स्टँडवर गेले. जाताना दादांच्या अंगावरून गेले, बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी रोजच्यासारखी खाकी चढवली आणि वेळेवर कॉलेजात गेले. मी घरी बसून होते, पास झाल्याचा आनंद करावा की काय करावं ते सुचत नव्हतं. विहारातल्या बायका पेढे मागून गेल्या. थोड्याच वेळात दादा परत आले. इतक्या लवकर ते आजारपणातसुद्धा घरी आले नव्हते. काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. दाराशी चप्पल काढली, भिंतीला टेकून खाली बसले, पाणी मागितलं.

माझा बांध फुटला. "कशाला बोललात तुम्ही? मी गप्प होते ना! तुमच्यासाठी गप्प होते!" मी अक्षरशः ओरडत होते. "एवढी वर्षं काढली, आणखी एक महिना दम धरला असता तर कायम झाला असतात तुम्ही!"

दादांनी पाणी संपवलं. पेला खाली ठेवला. मग माझ्याकडं बघून विचारलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, खरी काळजी.

"माय, त्ये तू म्हनत व्हतीस त्ये, उन्हाळ्याचं... त्ये खरं हाय ना पन?"

माझी अशी समजूत होती की मी बरोबर आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते बोलले. त्यांना काहीही माहीत नव्हतं.

"खरं हाय, दादा," मी म्हटलं.

"मंग झालं," ते म्हणाले, आणि खाकी शर्टाच्या गुंड्या काढायला लागले.